दारं आहेत, कडी नाही

(नवी वस्तू घडवणं, ती बाजारात नेणं आणि त्यापायी कारखान्यात होणारी भांडणं यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई ३१ वर्षं घरगुती उपकरणांच्या एका कंपनीत उत्पादन-विकास विभागात होत्या.)

प्रश्न : ताई, मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत एनपीडीत, म्हणजे नवी उत्पादनं घडवणाऱ्या विभागात आहे, वय २७. आमच्याकडे नव्या प्रकल्पाला पाच गेट, म्हणजे पुढे जायचं की थांबायचं ठरवण्याचे टप्पे असतात. प्रत्येक गेटला मीटिंग, पस्तीस स्लाइड, लाल-पिवळे-हिरवे ठिपके. पण तीन वर्षांत एकही प्रकल्प गेटवर थांबलेला मी पाहिला नाही. सगळे 'कंडिशनल पास', म्हणजे अटी घालून पुढे. मग हा खटाटोप कशासाठी? — एक वाचक, चाकण

उत्तर : तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. तुझ्या वयाची पोरं माझ्या हाताखाली होती आणि त्यांनीही हेच विचारलं होतं, फक्त कॅन्टीनमध्ये, दबक्या आवाजात.

ही पद्धत मांडली रॉबर्ट कूपर नावाच्या कॅनडातल्या प्राध्यापकांनी, १९८० च्या दशकात. मुद्दा साधा होता. नव्या वस्तूवरचा खर्च पायरीपायरीने वाढतो. कागदावर चित्र काढायला एक माणूस आणि एक आठवडा पुरतो. हाताने घडवलेला नमुना काही हजारांत होतो. साच्याची ऑर्डर दिली की लाखांत गेलो. आणि वस्तू दुकानातून परत यायला लागली की हिशेब ठेवणारासुद्धा आकडा हळू आवाजात सांगतो. म्हणून प्रत्येक मोठ्या पायरीच्या आधी थांबायचं आणि विचारायचं, पुढे जायचं की नाही? 'की नाही' हा त्यातला महत्त्वाचा भाग. आपण चौकट बसवली, दार लावलं, वर तोरणही बांधलं. कडी तेवढी लावायची राहिली.

आता माझीच गोष्ट सांगते. १९९६ च्या सुमारास आमच्याकडे एका नव्या मिक्सरचं काम चाललं होतं. प्रकल्पप्रमुख मी. कारखान्यात त्याचं नाव पडलं 'सुगरण'. पहिली चूक तीच, कारण ज्याचं बारसं झालं त्याच्यावर हात टाकायला कोणी धजत नाही. मिक्सरची मोटर पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद अशा फेऱ्यांनी चालवून तपासतात. आमची मोटर भिजवलेल्या उडदाच्या डाळीवर चौथ्या फेरीत तापून लाल बटण टाकायची. (तुमच्या घरच्या मिक्सरच्या बुडालाही बहुधा ते बटण आहे. ते उडालं की मिक्सर जळला समजून निम्मं गाव दुकानात धावतं.)

तिसऱ्या गेटला मी तो ठिपका पिवळा दाखवला. तो लाल आहे हे मला त्या सकाळी पक्कं माहीत होतं. साहेबांनी विचारलं, "पंखा मोठा केला की सुटेल ना?" मी म्हटलं, "सुटेल." पंखा मोठा करायचा तर बाहेरचं कवच मोठं करावं लागणार, म्हणजे साचा बदलणार, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी साच्यांची ऑर्डर गेली. अकरा लाखांची, त्या काळातल्या अकरा लाखांची.

मी असं का केलं? लाल दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी माझी चार माणसं पॅकिंग लाइनच्या तक्रारी निस्तरायला गेली असती, आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'प्रकल्प बंद' एवढीच नोंद राहिली असती. माझ्याआधी ज्यांचा प्रकल्प थांबला होता ते गृहस्थ तेव्हा स्टोअरमध्ये बसून वॉशर मोजत होते. ते रोज डोळ्यांसमोर दिसत असताना कोण स्वतःहून लाल ठिपका काढेल?

तेव्हा तुझ्या कंपनीत गेट चालतं की नाही हे स्लाइडवरून ओळखू नकोस. प्रकल्प थांबवणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं ते बघ. एकालाही बढती मिळालेली नसेल, तर पाचाची पंचवीस गेट केली तरी सगळ्यांतून सगळं पास होईल.

साहेबांना सांगता आलं तर दोन गोष्टी सांग. एक, थांबण्याचा आकडा चाचणीच्या आधी लिहायचा, निकाल कोणालाच माहीत नसताना, आणि त्यावर सह्या घ्यायच्या. निकाल हातात आल्यावर प्रत्येक इंजिनिअर वकील होतो. दुसरी, एका मीटिंगला एकच प्रकल्प आणायचा नाही. दोन आणायचे, आणि माणसं एकाचीच पुरतील इतकी ठेवायची. एकट्या प्रकल्पाला तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. दोघांत निवड करायची वेळ आली की तीच जीभ सैल सुटते.

साहेब ऐकणारे नसले तर निदान तुझ्या भागापुरतं कर. 'अमुक निकाल आला तर मीच थांबा म्हणेन' अशी एक ओळ लिहून चाचणीच्या आठवडाभर आधी मेल कर. चाचणीनंतरचा मेल म्हणजे तक्रार, तो कोणी वाचत नाही.

प्रश्न : ताई, मी घरून थालीपिठाची भाजणी विकते, ती बरी चालते. यंदा ज्वारीच्या आंबोळीचं तयार पीठ काढलं, नुसतं पाणी घालायचं आणि घालायची आंबोळी. काढण्याआधी रीतसर विचारणा केली. ओळखीच्या ६० बायकांना चव दिली, फॉर्म भरून घेतले. ५२ जणींनी 'नक्की घेईन' लिहिलं. तीन महिन्यांत पाकिटं खपली ४०, त्यातली निम्मी नातेवाइकांनी घेतली. कुठे चुकलं? — एक वाचक, सांगली

उत्तर : विचारण्यातच. तुमच्या घरी, तुमच्या हातची गरम आंबोळी आणि चटणी खात असताना 'घेणार नाही' असं लिहायला बाई किती आगाऊ असायला हवी! ५२ जणींनी चांगल्या वळणाच्या बायकांनी लिहावं तेच लिहिलं. उरलेल्या आठ जणींशी मात्र ओळख वाढवा, त्या कामाच्या आहेत.

वर ज्या मिक्सरची कथा सांगितली त्याचाच दुसरा अध्याय तुमच्यासाठी. पहिले बारा नग आम्ही बारा घरांत पंधरा दिवस वापरायला दिले. बाराही घरांतून निरोप आला, 'छान आहे.' मी तरी एक-एक घर फिरले, आणि सात घरांत मिक्सर पुन्हा खोक्यात घातलेला सापडला. ओट्याच्या वर भिंतीला जी फळी असते, तिच्याखाली आमचा मिक्सर भांडं लावल्यावर चार बोटं जास्त उंच होत होता. दर वेळी काढा, दर वेळी ठेवा. दोन दिवस हौसेने केलं, तिसऱ्या दिवशी जुना मिक्सर बाहेर आला. यातलं एकीनेही बोलून दाखवलं नव्हतं. त्यांना ती आपल्या स्वयंपाकघराची खोट वाटली, मिक्सरची नाही. आमच्या विभागात सहा इंजिनिअर होते, मी धरून. स्वयंपाकघरात मापाची पट्टी घेऊन एकही गेला नव्हता. मी तर रोज तसल्याच फळीखाली फोडणी घालत होते!

मोठ्या कंपन्यांचंही असं होतं, आणि त्या मनापासून विचारत असल्या तरी होतं. गोदरेजचा 'छोटूकूल' आठवतो का? ज्या घरांत फ्रिज नाही त्या घरांसाठी, २००८ ते २०१० च्या दरम्यान घडवलेला. त्यासाठी कंपनीची माणसं उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, गावच्या बायकांत जाऊन बसली, त्यांना सोबत घेऊन नमुने केले. वस्तू निघाली ती खरोखर वेगळी. कॉम्प्रेसर नाही. विजेने एक बाजू गार आणि दुसरी गरम करणारी चिप. साधारण ४३ लिटरची पेटी, आठ किलोपेक्षा कमी वजन, म्हणजे एकटी बाई उचलून नेईल. झाकण वरून, म्हणजे उघडल्यावर गारवा खाली सांडत नाही. वीज गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. किंमत सव्वातीन हजारांच्या आसपास. माझ्यासारखीने बघितलं तर टोपी काढावी असं काम.

आणि ज्या घरांसाठी केला त्या घरांत तो वाटला होता तसा शिरला नाही. शिरला तो पानटपरीवर, फुलवाल्याकडे, चार बाटल्या गार ठेवणाऱ्या छोट्या दुकानदाराकडे. पुढे शहरातल्या लोकांच्या मोटारीत, सहलीला.

का? माझं मत सांगते, ते माझंच आहे. ज्या घरात सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत संपतं आणि भाजी आठवड्याच्या बाजाराच्या हिशेबाने आणतात, तिथे गार पेटीने नेमका कोणता त्रास वाचतो? या चिपच्या पेट्यांत बर्फ होत नाही. त्यात आपल्याकडे फ्रिज ही नुसती गार वस्तू नाही, तो लग्नात येतो, समोरच्या खोलीत उभा राहतो, पाहुण्यासमोर त्याचं दार उघडून पाण्याची बाटली काढायची असते. वरून उघडणाऱ्या पेटीचं तेज पडत नाही. टपरीवाल्याला तेज नको होतं. गार बाटलीमागे सुटणारे पैसे त्याला त्याच संध्याकाळी गल्ल्यात दिसत होते. कंपनीचं कौतुक हे की तिने हे गिऱ्हाईक ओळखलं आणि त्याच्या मागे गेली.

आता तुमच्या २० पाकिटांकडे या, नातेवाइकांची सोडून. त्या वीसही जणांना फोन करा, जमलं तर घरी जा. 'आवडलं का' विचारू नका. पाकीट दाखवा म्हणा. अर्धं उरलंय का? डब्यात ओतलंय की तोंडाला रबर लावून ठेवलंय? ज्याने डब्यात ओतलं त्याने त्या पिठाला घरात जागा दिली, तो परत येईल. मग विचारा, गेल्या मंगळवारी सकाळी काय खाल्लं, कोणी केलं, किती वाजता उठून. 'पुढे घ्याल का' हे विचारलंत तर पुन्हा चांगलं वळणच ऐकायला मिळेल.

मला एक शंका आहे. सांगलीत ज्या घरी ज्वारी आणि तवा आहे तिथली बाई पीठ स्वतः भिजवते, तिला पाकिटाचे पैसे द्यायला जिवावर येतं. त्या वीसमध्ये कोणी पुण्यात एकटा राहणाऱ्या मुलासाठी घेतलंय का बघा. निघाला तर पाकीट मोठं करू नका, लहान करा, एका माणसाच्या एका नाश्त्याचं. आणि पुढच्या वस्तूला फॉर्म छापू नका. वहीत नाव आणि आगाऊ वीस रुपये, एवढंच.

प्रश्न : आम्ही कारखान्यात 'नवकल्पना पेटी' ठेवली, उत्तम कल्पनेला पाच हजारांचं बक्षीस. सहा महिन्यांत १४ चिठ्ठ्या आल्या. नऊ कॅन्टीनच्या चहाविषयी आहेत. कामगारांत कल्पकताच नाही का? — एक व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : चहा सुधारा. थट्टा करत नाही. माणूस आधी लहान चिठ्ठी टाकून बघतो, आत कोणी वाचतं का. सहा महिने तोच चहा मिळाला, म्हणजे त्याला उत्तर मिळालं. आणि बाकीच्या पाच चिठ्ठ्यांत काय होतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

प्रश्न : मी एमबीए करतो. प्रोजेक्टचा विषय 'नॅनो का चालली नाही'. वर्गात सगळे म्हणतात, 'सर्वांत स्वस्त गाडी' अशी जाहिरात झाली म्हणून. एवढंच कारण आहे का? — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तेवढं लिहिलंस तरी मार्क मिळतील. ते बिरुद चुकलं हे रतन टाटांनी स्वतःच पुढे मान्य केलं होतं. पण प्रोजेक्ट करतोच आहेस तर नॅनोच्या शेजारी 'टाटा एस' ठेवून बघ, आपला छोटा हत्ती. दोन्हींच्या विकासाची धुरा एकाच माणसाकडे होती, गिरीश वाघ यांच्याकडे. मग 'माणसं कच्ची होती' हे कारण आपोआप बाद होतं.

एस आली मे २००५ मध्ये. त्याआधी या मंडळींनी तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी भरपूर बोलून घेतलं. भार, खर्च हे निघालंच, पण आणखी एक गोष्ट निघाली. त्यांना चार चाकं मानासाठीही हवी होती. दारात चारचाकी असली तर लग्न जमायला सोपं जातं, असंही ऐकायला मिळालं. इंजिनासाठी नवा घाट घातला नाही. इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं इंजिन घरात होतं, ते जणू मधोमध कापून दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं केलं. पाऊण टन माल नेणारी गाडी उभी राहिली. मला या कामातली ही कापाकापीच सगळ्यात जास्त आवडते. दाखवण्यासारखं काही नाही, सगळं जोखीम कमी करणारं.

नॅनो जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत दाखवली, मार्च २००९ मध्ये विक्रीला काढली. मधल्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा कारखाना सोडून गुजरातमधल्या साणंदला जावं लागलं. ती खीळ मोठी होती, ती लिहायला विसरू नकोस. पुढे काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. पण मुख्य गाठ मला वेगळीकडे दिसते. एसच्या वेळी जे कळलं होतं, की चार चाकांबरोबर माणूस मान विकत घेतो, नेमक्या त्या मानालाच नॅनोच्या बिरुदाने धक्का लावला. पहिल्या मॉडेलला मागचं दार बाहेरून उघडतही नव्हतं. ते उघडायला लागलं २०१५ मध्ये. एका कुटुंबाने स्टेशनवरून पाहुणे आणायचे आणि त्यांची बॅग सीटवरून मागे ढकलायची! तीन वर्षांनी उत्पादन थांबल्यासारखंच झालं.

आता वर्गातलं दुसरं वाक्य, 'किंमत आधी ठरवून वस्तू करणं चूक'. हे खोडून काढ. त्यासाठी पुण्यात हडपसरला ये. आफ्रिकेत मेनिंजायटिस 'ए'च्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, साथी येत. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या पैशातून लशीचा प्रकल्प सुरू केला. तिथल्या आरोग्य खात्यांनी सांगितलं, डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला तरच आम्हाला परवडेल. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्या किमतीला लस करायचं स्वीकारलं, लागणारं तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि दोन वर्षांत दहा कोटींहून अधिक लोकांना ती टोचली गेली. इथेही किंमतच आधी ठरली होती.

मग फरक कुठे? अर्धा डॉलर हा आकडा ज्यांना लस घ्यायची होती त्यांच्या तोंडून आला. नॅनोचा एक लाख हा आकडा एका मुलाखतीत बोलता बोलता निघाला, त्याचा मथळा झाला, आणि मग तो शब्द पाळायचा ठरलं. हेही रतन टाटांनीच सांगितलेलं आहे. शब्द पाळणं ही मोठी गोष्ट, पण तो गिऱ्हाइकाने मागितलेला नव्हता. यावर चार पानं लिही. बाकी तक्ते आणि चौकोन कमी घातलेस तरी चालेल.

प्रश्न : आमचा पंपाच्या कास्टिंगचा धंदा, ३० वर्षं जुना. मुलगा शिकून आला, त्याला स्वतःच्या नावाचं नवं उत्पादन काढायचं आहे. त्यासाठी आमचे टूलरूमचे मिस्त्री त्याला हवेत. ते गेले तर रोजचं काम अडेल. निम्मा वेळ दिला तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निम्मा वेळ म्हणजे शून्य. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की तो निम्मा वेळ तिकडे जाणार, आणि तो फोन रोज येतो. तेव्हा मिस्त्री द्यायचे तर पूर्ण द्या, पण चार महिन्यांच्या बोलीवर. त्यांच्या हाताखालचा पोरगा तेवढ्यात तयार होईल. नाही झाला, तर तुमचा धंदा एका माणसाच्या हातांवर उभा आहे, हे मुलाच्या हट्टामुळे वेळेत कळलं म्हणा.

पैसे वेगळे काढून द्या आणि दर महिन्याला 'विक्री किती' विचारू नका. या महिन्यात काय कळलं आणि त्याला किती रुपये पडले, हे विचारा. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. तोवर धंद्याला आधार म्हणून सोबत कडबा कापायचं यंत्र होतं. तुमच्या घरातलं कडब्याचं यंत्र म्हणजे ती कास्टिंग. मुलगा त्यांना 'जुनाट' म्हणत असेल तर त्याला एकदा जेवताना हे ऐकवा, मिस्त्रींसमोर नको.

आणि मिस्त्रींना मुलामार्फत निरोप धाडू नका. तुम्ही स्वतः जा, दुपारच्या चहाच्या वेळेला, टूलरूममध्ये. नाहीतर ३० वर्षांनंतर मालकाने आपल्याला बाजूला काढून पोराच्या हाती दिलं, असंच त्यांना वाटेल.